सोळा पेन्स की अठरा? रुपया आणि पौंड यांच्या हुंडणावळीचा इतिहास

एका देशाच्या चलनाची दुसऱ्या देशाच्या चलनात होणारी किंमत, म्हणजे हुंडणावळीचा दर, हा आज बाजारात मिनिटामिनिटाला बदलणारा आकडा असला, तरी भारतीय रुपया आणि ब्रिटिश पौंड यांच्यातील दराचा इतिहास बाजारापेक्षा सरकारी दप्तरांत, राजकीय आयोगांच्या अहवालांत आणि कायदेमंडळातील मतदानांत अधिक घडलेला आहे. १८७३ पासूनच्या शंभर वर्षांत हा दर कधी चांदीच्या खाणींनी, कधी युद्धाने आणि बहुतेक वेळा लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कचेरीने ठरवला. रुपयाला किती पेन्स मिळावेत हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर शेतसाऱ्याचा बोजा, मुंबईच्या गिरण्यांचा नफा, मँचेस्टरच्या कापडाची किंमत आणि शेतकऱ्याच्या घरातील चांदीच्या वाळ्यांचे मोल अवलंबून होते.

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात एकाच वजनाचा रुपया चालू केला. हे नाणे एका तोळ्याचे, म्हणजे १८० ग्रेन वजनाचे असून त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी होती. पौंड मात्र सोन्याचा होता. सॉव्हरिन या नाण्यात सुमारे ११३ ग्रेन शुद्ध सोने असे. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स, असे एका पौंडाचे २४० पेन्स होत. एक चलन चांदीचे आणि दुसरे सोन्याचे असल्यामुळे दोहोंमधील दर म्हणजे प्रत्यक्षात चांदीचा सोन्यातील भाव होता, आणि तो भाव दीर्घकाळ फारसा न हलल्यामुळे रुपया दोन शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सांच्या आसपास राहिला. दहा रुपयांचा एक पौंड हे समीकरण त्या काळी इतके अंगवळणी पडले होते, की हिंदुस्थान सरकारच्या हिशेबातही ते गृहीत धरलेले असे. या व्यवस्थेचा पाया म्हणजे खुली टांकसाळ. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, शेकडा दोन रुपयांहून थोडी अधिक घडणावळ द्यावी आणि उरलेल्या वजनाचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा असल्याने नाण्याची किंमत आणि त्यातील धातूची किंमत यांत मोठे अंतर पडणे शक्यच नव्हते.

हा पाया १८७० नंतर खचला. फ्रान्सवर विजय मिळवलेल्या जर्मनीने सुवर्ण परिमाण स्वीकारून आपली जुनी चांदी विकायला काढली. फ्रान्स, बेल्जियम वगैरे देशांनी चांदीची नाणी पाडण्यावर आधी मर्यादा घातल्या आणि मग ते बंदच केले. अमेरिकेने १८७३ च्या कायद्याने चांदीच्या डॉलरची वाट अडवली, आणि त्याच सुमारास नेव्हाडातील खाणींतून चांदीचा ओघ सुरू झाला. गिऱ्हाईक कमी आणि माल जास्त झाल्यावर जे व्हायचे तेच झाले. १८७१-७२ साली सरासरी २३ पेन्सांहून थोडा अधिक असलेला रुपया १८७९-८० मध्ये २० पेन्सांच्या खाली आणि १८८७-८८ मध्ये १७ पेन्सांच्याही खाली गेला. १८९० साली अमेरिकेने सरकारी चांदीखरेदी वाढवणारा कायदा केला तेव्हा तो वर्षभर १८ पेन्सांवर चढला; परंतु ही उसळी टिकली नाही आणि १८९२-९३ ची सरासरी १५ पेन्सांच्याही किंचित खाली भरली.

चांदीचे चलन असलेल्या देशाला या घसरणीने एरवी फार मोठे नुकसान झाले असतेच असे नाही. चीननेही चांदीच धरून ठेवली होती आणि तेथील निर्यातदार स्वस्त चलनाचा फायदाच घेत होते. हिंदुस्थानची अडचण वेगळी होती. या देशाच्या तिजोरीतून दरवर्षी विलायतेला पौंडांत रक्कम पाठवावी लागे, आणि तिला होम चार्जेस म्हणत. कर्जावरील आणि रेल्वेतील भांडवलावरील व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, सैन्याचा विलायतेतील खर्च, सरकारी सामानाची खरेदी आणि खुद्द भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च, असे त्याचे घटक होते. करवसुली रुपयांत आणि देणे पौंडांत, या विषम व्यवस्थेत रुपया जितका घसरे तितके अधिक रुपये तेवढ्याच पौंडांसाठी मोजावे लागत.

ही रक्कम पाठवण्याची रीत मोठी सोयीची होती. भारतमंत्री लंडनमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीत, दर बुधवारी हिंदुस्थान सरकारवर काढलेल्या हुंड्या लिलावाने विकत. त्यांना कौन्सिल बिले असे नाव होते. मुंबईचा कापूस किंवा बंगालचा ताग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला हिंदुस्थानात रुपये हवे असत, म्हणून तो लंडनमध्ये पौंड भरून असे बिल घेई, टपालाने ते मुंबईला किंवा कलकत्त्याला पाठवी, आणि तेथील सरकारी खजिन्यातून त्याच्या आडत्याला रुपये मिळत. घाई असेल तर थोडा जास्त दर देऊन हाच व्यवहार तारेने उरकता येई. अशा रीतीने भारतमंत्र्यांना विलायतेच्या खर्चासाठी पौंड मिळत आणि रयतेने भरलेला सारा कापसाच्या किमतीच्या रूपाने पुन्हा बाजारात येई. सोन्याचांदीची एक वीटही न हलवता देशाच्या निर्यातीतला मोठा हिस्सा विलायतेचे देणे भागवण्यात खर्ची पडे. दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीचा निचरा म्हटले, त्याचे रोजचे यंत्र हे असे चालत होते.

घसरणीचा बोजा किती वाढला याचा हिशेब सरकारनेच करून ठेवला आहे. १८९२-९३ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड पाठवण्यासाठी जवळजवळ साडेसव्वीस कोटी रुपये लागले. हीच रक्कम १८७३-७४ च्या दराने पाठवली असती, तर पावणेअठरा कोटी पुरले असते. पावणेनऊ कोटींची ही तूट भरून काढण्यासाठी सरकारचा हात करांकडे गेला. १८८६ चा प्राप्तिकर, १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेलेला मिठाचा कर आणि १८९४ ची आयातजकात यांमागे इतर कारणांबरोबर हुंडणावळीची तूट उभी होती. आयातजकातीतून विलायती कापडाला झळ पोहोचू लागली तेव्हा लँकेशायरच्या आग्रहाखातर देशी गिरण्यांच्या मालावरही बरोबरीचा उत्पादन कर बसवण्यात आला. १८९६ पासून शेकडा साडेतीन असलेला हा कर मुंबईच्या गिरणीमालकांच्या मनात जवळजवळ तीस वर्षे सलत राहिला.

घसरत्या रुपयाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज मात्र रयतेने नव्हे, तर गोऱ्या अधिकाऱ्यांनी उठवला. त्यांचा पगार रुपयांत असे आणि मुलांच्या शाळा, बायकोचे बिऱ्हाड व म्हातारपणची पुंजी इंग्लंडात पौंडांत. १८९२ मध्ये त्यांनी व काही युरोपियन व्यापाऱ्यांनी इंडियन करन्सी असोसिएशन स्थापून अर्जविनंत्यांचा धडाका लावला. याउलट स्वस्त रुपयामुळे निर्यातदारांचे आणि चीनला सूत पाठवणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांचे बरे चालले होते. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सर्वांचे म्हणणे ऐकून १८९३ मध्ये जो निर्णय सुचवला, तो २६ जून १८९३ रोजी अमलात आला: टांकसाळी सर्वसामान्य लोकांसाठी बंद झाल्या. यापुढे रुपये पाडायचे की नाही हे सरकार ठरवणार होते, आणि रुपयांची टंचाई झाली की त्यांची किंमत १६ पेन्सांपर्यंत चढेल अशी अपेक्षा होती.

या निर्णयाची एक बाजू अहवालांत ओझरती येते आणि इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा येतच नाही. वस्तुतः ती सर्वांत गंभीर होती. ग्रामीण भारताची बचत चांदीच्या दागिन्यांत होती. टांकसाळ खुली असताना तोडे, वाळे आणि कमरपट्टे हे अडीनडीला मोडायचे रुपयेच होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील कुटुंबांनी मोडलेले दागिने सराफांमार्फत मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर आले आणि त्यांचे रुपये झाले. १८९३ नंतर हा रस्ता बंद झाला. रुपया हळूहळू १६ पेन्सांवर चढला, पण त्यातील चांदीची बाजारातील किंमत शतकाच्या अखेरीस सुमारे १० पेन्सच उरली; म्हणजे शंभर रुपयांच्या वजनाचे चोख दागिने घेऊन सराफाकडे जाणाऱ्या माणसाला साठ-पासष्ट रुपयांपलीकडे मिळण्याची शक्यता राहिली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ याच काळात महाराष्ट्रावर कोसळले. रुपया वधारल्यामुळे सरकारची जी बचत झाली तिचा हिशेब अंदाजपत्रकात दिसतो. रयतेच्या दागिन्यांची किंमत एक तृतीयांशाहून अधिक उतरली, तिचा हिशेब मात्र त्यात दिसत नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र त्याच १८९३ साली हुंडणावळीच्या नुकसानीबद्दल खास भत्ता मंजूर झाला होता.

टांकसाळी बंद होऊनही रुपया लगेच सावरला नाही. १८९४-९५ मध्ये तो सरासरी १३ पेन्सांवर आला आणि १८९८-९९ मध्येच १६ पेन्सांना टेकला. त्या वर्षी नेमलेल्या सर हेन्री फाउलर यांच्या समितीने हाच दर कायम करण्याची शिफारस केली, आणि १८९९ च्या कायद्याने सॉव्हरिन १५ रुपयांना कायदेशीर चलन ठरले. दादाभाईंनी या समितीपुढे टांकसाळी बंद करण्याचा कडाडून निषेध केला होता. रुपया कृत्रिमरीत्या महाग करणे म्हणजे रुपयांत ठरलेला सारा न बोलता वाढवणे होय, असे त्यांचे म्हणणे होते, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही. धान्याची किंमत रुपयांत उतरली आणि सारा तेवढाच राहिला, की शेतकऱ्याला जास्त धान्य विकावे लागते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी हाच धागा पकडून २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात आपले पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. त्या काळी सरकार ओळीने शिलकी अंदाजपत्रके मांडत होते आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती. गोखल्यांनी दाखवून दिले, की रुपया १३ पेन्सांच्या आसपास असताना तूट भरून काढण्यासाठी बसवलेले कर रुपया १६ पेन्सांवर गेल्यावरही तसेच चालू आहेत, आणि या एका फरकानेच विलायतेच्या देण्यात सरकारची वर्षाला चार-पाच कोटींची बचत होत आहे. तेव्हा शिल्लक ही समृद्धीची नसून जादा कराची आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांनी कमी झाला. हुंडणावळीसारख्या रुक्ष विषयातून रयतेच्या मिठापर्यंत पोहोचण्याची ही हातोटी पुढे फार थोड्या लोकप्रतिनिधींना साधली.

फाउलर समितीला हिंदुस्थानात प्रत्यक्ष सोन्याचे चलन हवे होते, परंतु विलायतेच्या अर्थखात्याच्या हरकतींमुळे मुंबईत सोन्याची टांकसाळ काढण्याचा बेत १९०२ मध्ये गुंडाळला गेला. त्याऐवजी जे आकाराला आले त्याला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. देशात चांदीचे रुपये आणि कागदी नोटा चालाव्यात, पण त्यांची किंमत सोन्याशी बांधलेली असावी, आणि ती टिकवण्यासाठी लंडनमध्ये पौंडांचा साठा ठेवावा, अशी ही रचना होती. दहा पेन्सांच्या चांदीचे नाणे सोळा पेन्सांना चालवण्यात सरकारला जो नफा होई, तो १९०० पासून या साठ्यात जमा होऊ लागला. रुपयाची मागणी वाढली की कौन्सिल बिले विकायची, आणि ती घटली की उलट दिशेची, म्हणजे हिंदुस्थानात रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड देणारी रिव्हर्स कौन्सिल बिले विकायची, असा हा दुहेरी बांध होता. १९०७ च्या अमेरिकेतील आर्थिक पेचानंतर आणि पावसाने दगा दिल्यावर निर्यात घटली, तेव्हा अशी बिले १ शिलिंग ३ २९⁄३२ पेन्स या दराने विकून सरकारने रुपया सावरला. काही काळ भारतमंत्र्यांच्या कचेरीत, म्हणजे इंडिया ऑफिसात, नोकरी केलेल्या जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या पद्धतीची मुक्त कंठाने प्रशंसा केली. साठा लंडनच्या नाणेबाजारात कमी व्याजाने वापरला जातो आणि मुंबईत मात्र हंगामात व्याजाचे दर कडाडतात, ही देशी व्यापाऱ्यांची तक्रार त्या प्रशंसेने मिटणारी नव्हती.

या बांधाला भगदाड पडले ते चांदी महागल्यामुळे. रुपयातील चांदी १६ पेन्सांहून स्वस्त आहे तोपर्यंतच सोळा पेन्सांचा रुपया चलनात राहू शकत होता, आणि चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्स झाला की ही मर्यादा संपत होती. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल आणि सैन्य यांची मागणी वाढली, तसे रुपये पाडण्यासाठी चांदी कमी पडू लागली, आणि ऑगस्ट १९१७ मध्ये ती मर्यादा ओलांडली गेली. नाणे वितळवून चांदी विकणे फायद्याचे ठरू लागताच सरकारने दर १७ पेन्सांवर नेला, आणि मग चांदीमागोमाग तो चढतच गेला: एप्रिल १९१८ मध्ये १८ पेन्स, सप्टेंबर १९१९ मध्ये २ शिलिंग, डिसेंबरात २ शिलिंग ४ पेन्स. नोव्हेंबर १९१७ अखेर एका रुपयाची कागदी नोट निघाली. १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली. त्याच वर्षी मुंबईत तात्पुरत्या टांकसाळीतून सॉव्हरिनही पाडले गेले. फेब्रुवारी १९२० मध्ये चांदी साडेएकोणनव्वद पेन्सांवर पोहोचली तेव्हा जुन्या रुपयातील धातूच २ शिलिंग ९ पेन्सांचा झाला होता.

या तापात घेतलेला निर्णय हा या सबंध इतिहासातील सर्वांत महागडा ठरला. सर हेन्री बॅबिंग्टन स्मिथ यांच्या समितीने रुपया कायमचा सोन्याच्या २ शिलिंगांवर ठेवण्याची शिफारस केली. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचाच आग्रह धरला. ती बाजूला सारून सरकारने फेब्रुवारी १९२० मध्ये शिफारस स्वीकारली. पौंड त्या वेळी सोन्याच्या मानाने घसरलेला असल्यामुळे सोन्याचे २ शिलिंग म्हणजे प्रत्यक्षात पावणेतीन शिलिंगांहून अधिक होत. परंतु याच सुमारास चांदी कोसळू लागली आणि निर्यातीला उतार लागला. चढा दर टिकवण्यासाठी सरकारने रिव्हर्स कौन्सिल बिलांची विक्री सुरू केली. पंधरा रुपयांना एक या भावाने साठवलेले पौंड सात ते दहा रुपयांना मिळत असल्याचे पाहून खरेदीदारांची झुंबड उडाली, आणि मागणी पुरवठ्याच्या कित्येक पट झाली. सप्टेंबरअखेर विक्री थांबली तोवर साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रक्कम उधळली गेली होती, दर सावरला नव्हता, आणि तिजोरीला सुमारे ३५ ते ४० कोटी रुपयांचा फटका बसला होता.

व्यापाऱ्यांची गत याहून वाईट झाली. दोन शिलिंगांचा दर कायमचा झाला अशी सरकारी ग्वाही मिळाल्यावर कापडवाल्यांनी विलायतेला भरमसाट मागण्या नोंदवल्या होत्या. एक हजार पौंडांच्या कापडाला त्या दराने दहा हजार रुपये पडायचे. माल बंदरात उतरला तेव्हा रुपया १५ पेन्सांवर घसरला असेल, तर त्याच गाठींना सोळा हजार मोजावे लागणार होते. अनेक शहरांतील व्यापाऱ्यांनी ठरलेल्या दराखेरीज पैसे देण्यास साफ नकार दिला आणि गोद्यांमध्ये माल पडून राहिला. कायद्यातील २ शिलिंग मात्र १९२७ पर्यंत तसेच कागदावर होते, आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नव्हते.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्‌सी. साठी लिहिलेल्या या प्रबंधात त्यांनी केन्स यांच्या प्रतिपादनाला समोरासमोर आव्हान दिले. रुपयाची सोन्यातील किंमत कशी टिकवायची या प्रश्नात सर्वजण गुंतले असताना, रुपयाने बाजारात किती वस्तू मिळतात हा खरा प्रश्न आहे आणि ती क्रयशक्ती अमर्याद रुपये पाडण्याने घसरते, असा त्यांचा मूळ मुद्दा होता. सुवर्ण विनिमय परिमाणात चलन वाढवण्याचा अधिकार सरकारी मर्जीवर सोडलेला आहे आणि ते आपोआप आखडण्याची तजवीज त्यात नाही, म्हणून टांकसाळ जशी लोकांना बंद आहे तशी ती सरकारलाही बंद करावी, हा त्यांचा उपाय होता. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत सर्व मतांशी सहमत नसल्याचे सांगूनही विचारांच्या ताजेपणाची दखल घेतली. चलनाच्या प्रश्नाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे डिसेंबर १९२५ मध्ये साक्ष देताना आंबेडकरांनी १६ की १८ पेन्स या दराच्या वादातही वेगळीच बाजू मांडली: रुपया स्वस्त ठेवल्याने व्यापारी-कारखानदाराला जो लाभ होतो, तो महागाईच्या रूपाने मजुरी करणाऱ्याच्या खिशातून येतो. राष्ट्रीय चळवळीतील बहुतेकांचा कौल १६ पेन्सांकडे असताना हे बोलून दाखवायला स्वतंत्र बुद्धीच हवी होती.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ च्या अहवालात १८ पेन्सांची शिफारस केली, कारण त्याच्या मते देशातील किमती आणि मजुरी त्या दराशी बऱ्याचशा जुळल्या होत्या. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिकेत हे म्हणणे खोडून काढले. सरकारने आधीची दोन-तीन वर्षे चलनाचा पुरवठा आखडता ठेवून दर मुद्दाम १८ पेन्सांपर्यंत चढू दिला आणि मग तोच स्वाभाविक असल्याचा पुरावा पुढे केला, असा त्यांचा रोख होता. दोन पेन्सांचा फरक किरकोळ वाटला तरी त्याचा अर्थ असा, की लिव्हरपूलला पंधरा पौंडांना विकलेल्या कापसाचे १६ पेन्सांच्या दराने २२५ रुपये आणि १८ पेन्सांच्या दराने २०० रुपये होत. शेतकऱ्याचा सारा आणि सावकाराचे व्याज मात्र दोन्ही दरांत तेवढेच राहत. उलट पंधरा पौंडांचे विलायती कापड मुंबईत पंचवीस रुपयांनी स्वस्त पडे. मुंबईत करन्सी लीग स्थापन झाली, सभा झाल्या, पत्रके निघाली, आणि मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारने अवघ्या तीन मतांच्या फरकाने बाजी मारली. १ एप्रिल १९२७ पासून पौंडाची किंमत १३ रुपये ५ आणे ४ पै ठरली.

या वादाचे मोजमाप आज करताना एक गोष्ट मान्य करावी लागते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे आणि धान्याचे भाव निम्म्यावर आले, तेव्हा साडेबारा टक्क्यांच्या फरकाने शेतकरी वाचला असता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १६ पेन्सवाल्यांनी आपल्या औषधाचे गुण फार वाढवून सांगितले होते. परंतु ज्यांच्या पैशाचा दर ठरत होता त्यांना तो ठरवण्याचा अधिकार नव्हता, ही त्यांची तक्रार खरी होती आणि चारच वर्षांत तिचा ढळढळीत पुरावा मिळाला. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडले. सिमल्यातील हिंदुस्थान सरकारने त्याच दिवशी वटहुकूम काढून पौंड आणि सोने विकण्याच्या बंधनातून स्वतःला मोकळे केले, तर लंडनमध्ये भारतमंत्री सर सॅम्युएल होर यांनी रुपया १८ पेन्सांनी पौंडाशीच बांधलेला राहील असे जाहीर केले. तीन दिवसांत सिमल्याला आपला वटहुकूम बदलावा लागला.

पौंडासोबत रुपयाही सोन्याच्या मानाने उतरला आणि तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेले सोने काही महिन्यांत तिशीच्या घरात गेले. मंदीने गांजलेल्या कुटुंबांनी मणी, बांगड्या आणि पुतळ्या बाजारात आणल्या. ते सोने वितळवून मुंबई बंदरातून परदेशी गेले. दशकभरात ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने बाहेर पडले. सरकारने ते स्वतः विकत घेऊन चलनाच्या साठ्यात ठेवावे, ही मागणी मान्य झाली नाही. दागिना चांदीचा असो वा सोन्याचा, हुंडणावळीच्या फेरबदलाची झळ त्याच्यापर्यंत पोहोचली, हे १८९३ आणि १९३१ या दोन प्रसंगांतील साम्य नजरेआड करता येण्यासारखे नाही.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेवर कायद्यानेच १८ पेन्सांचा दर राखण्याची जबाबदारी टाकण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानात केलेल्या खरेदीचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत आणि त्यांच्या तारणावर बँक येथे नोटा छापी. युद्धकाळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या, महागाई भडकली, पण पौंडाचा दर जागचा हलला नाही. याच काळात, १९४३ मध्ये, रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. युद्धोत्तर जागतिक चलनव्यवस्था ठरवण्यासाठी भरलेल्या ब्रेटन वूड्‌सच्या परिषदेत हिंदी शिष्टमंडळाने लंडनमध्ये अडकलेल्या या पौंडांचा प्रश्न मांडला आणि त्यांचा काही भाग डॉलरसारख्या चलनांत बदलून मिळावा असा आग्रह धरला, तो फेटाळला गेला. स्वातंत्र्याच्या वेळी ही शिल्लक सुमारे ११६ कोटी पौंडांची होती. कर्जदार देश धनको झाला होता, परंतु धनकोला आपले पैसे हवे तेव्हा मिळत नव्हते.

१९४७ मध्ये कायदा बदलून रुपया पौंडाच्या कायदेशीर दावणीतून सुटला. सवय सुटली नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे साडेतीस टक्के अवमूल्यन केले, तेव्हा भारतही त्याच्या मागोमाग गेला, आणि डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास होता तो ४ रुपये ७६ पैशांवर चढला तरी पौंड १३ रुपये ३३ पैसेच राहिला. पाकिस्तानने अवमूल्यन नाकारल्यामुळे त्याच्या शंभर रुपयांना भारताचे १४४ रुपये पडू लागले आणि तागाचा व्यापार काही काळ ठप्प झाला. १९२७ चा तो आकडा अखेर ६ जून १९६६ रोजी मोडला. त्या दिवशी झालेल्या अवमूल्यनाने पौंड २१ रुपयांवर आणि डॉलर साडेसात रुपयांवर गेला. दीड वर्षाने, नोव्हेंबर १९६७ मध्ये, ब्रिटनने पुन्हा पौंड उतरवला, आणि या वेळी भारत प्रथमच त्याच्या मागे गेला नाही. पौंड १८ रुपयांना मिळू लागला. डिसेंबर १९७१ मध्ये डॉलरची व्यवस्था ढासळल्यावर रुपया पुन्हा एकदा पौंडाशी जोडण्यात आला, आणि पौंड स्वतःच घसरू लागल्यावर त्याच्याबरोबर घसरत राहिला. २५ सप्टेंबर १९७५ रोजी हे नाते संपले, आणि रुपयाचा दर निवडक देशांच्या चलनांच्या एका गटाशी जोडून रिझर्व्ह बँकेमार्फत ठरवला जाऊ लागला.